आवडले की नाही, याआधी काय घडले ते लिहा

प्रश्न : मी चित्रपट आणि ओटीटीवरच्या मालिका भरपूर पाहते, आणि त्यांत एकच एक प्रकार नसतो. रहस्यकथा, भयपट, माहितीपट, कौटुंबिक विनोदी मालिका, परदेशी भाषांतले संथ चित्रपट, सगळेच पाहते. पाहून झाले की एका वहीत चार ओळी लिहून पाचपैकी तारे देते. अलीकडे ती वही चाळताना मी गोंधळून गेले. समीक्षकांच्या मतदानात जगातला सर्वोत्कृष्ट म्हणून निवडला गेलेला 'झान दिलमान' हा चित्रपट मी आधी वेग वाढवून पाहिला आणि तासाभरात बंद केला. त्याला दोन तारे. एका साध्या कौटुंबिक मालिकेच्या एका भागाने मला इतके रडवले की तिला पाच. एक गुन्हेमालिका सात भाग श्वास रोखून पाहिली, आठवा आणि शेवटचा भाग पटला नाही म्हणून रागाने एकच तारा. पूर्वी अतिशय आवडलेला एक भयपट पुन्हा पाहिला तर काहीच वाटले नाही. एका माहितीपटाला नावे ठेवायला मन धजले नाही, कारण त्यातल्या माणसावर फार मोठा अन्याय झाला होता. माझा एक जवळचा मित्र म्हणतो की माझी आवड अजून कच्ची आहे. त्यामुळे आता काहीही पाहण्याआधी मी संकेतस्थळांवरची पसंतीची टक्केवारी आणि परीक्षणे वाचते, आणि वहीत माझे मत उतरते की त्यांचे, हेच कळेनासे झाले आहे. माझ्या प्रतिक्रिया चुकतात का? ही वही लिहीत राहावी का? आणि अर्धवट सोडलेले पूर्ण करावे का?

उत्तर : वही लिहीत राहा, हे सर्वांत आधी सांगते, कारण ज्या पाच नोंदींबद्दल तुम्ही इतक्या संकोचाने लिहिले आहे त्या पाचही मला मनापासून पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या नोंदी वाटतात. गोंधळ होतो तो प्रतिक्रिया उमटल्याबरोबर तिला निकालाचे रूप दिल्यामुळे. कंटाळा आला, रडू आले, राग आला, हे तुमच्या बाबतीत घडलेले प्रसंग आहेत आणि ते प्रामाणिकपणे लिहिले असतील तर त्यांना चूक किंवा बरोबर म्हणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा चित्रपट वाईट आहे किंवा ही मालिका उत्तम आहे, ही मात्र कलाकृतीविषयीची विधाने आहेत. त्यांना आधार लागतो, ती दुसऱ्याला तपासता येतात, आणि ती चुकूही शकतात. तुमचे तारे या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवू पाहतात, आणि म्हणून काही महिन्यांनी वही उघडल्यावर तो आकडा नेमका कशाचा होता, तुमच्या मनःस्थितीचा, कथेचा, दिग्दर्शनाचा की त्या दिवशीच्या थकव्याचा, हे तुम्हालाच सांगता येत नाही.

प्रतिक्रिया नेमकी कुठे तयार होते, याचे एक जुने उदाहरण तुमच्या उपयोगी पडेल. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाच्या भावहीन चेहऱ्याचे एकच दृश्य घेऊन ते तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडले. त्यांचे शिष्य पुडोव्हकिन यांनी केलेल्या वर्णनानुसार त्यांपैकी एकात सूपने भरलेले भांडे होते, दुसऱ्यात शवपेटीतील स्त्री होती आणि तिसऱ्यात खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी लहान मुलगी होती. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात कधी विचारमग्नता, कधी खोल दुःख, तर कधी कौतुकाचे हसू दिसले, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची प्रशंसा केली. भावना प्रेक्षकांनी स्वतःकडची घातली होती, पण ती कोणत्या जागी आणि कोणत्या दिशेने घालायची हे जोडणीने ठरवले होते. प्रत्येक प्रतिक्रियेचे असेच असते. तिचा काही भाग पडद्यावरून आलेला असतो आणि काही आपल्याकडून, आणि कुठला भाग कुठून आला हे शोधण्याचे काम तुमच्या वहीला करता येईल. तारे ते काम कधीच करू शकणार नाहीत.

आता 'झान दिलमान'बद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मनातली सर्वांत मोठी सल तीच दिसते. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकेरमान यांचा १९७५ चा हा चित्रपट सव्वातीन तासांहून थोडा मोठा आहे. ब्रुसेल्समध्ये मुलासह राहणाऱ्या एका विधवेच्या आयुष्यातले सलग तीन दिवस तो दाखवतो, आणि त्यांतला फार मोठा वेळ स्वयंपाक, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बटाटे सोलणे यांत जातो. कॅमेरा हलत नाही आणि कामे पूर्ण होईपर्यंत दृश्य तुटत नाही. पहिल्या दिवशी ही स्त्री प्रत्येक काम इतक्या काटेकोर क्रमाने करते की आपल्यालाही तो क्रम नकळत पाठ होतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्या क्रमात बारीक बिघाड होऊ लागतात. बटाटे जास्त शिजतात, एखादी वस्तू जागेवर जात नाही, तिचे केस विस्कटलेले राहतात. इतर कोणत्याही चित्रपटात ज्यांची कुणी दखलही घेतली नसती असे हे बिघाड इथे आपल्याला अक्षरशः घाबरवतात, कारण पहिल्या दिवसाच्या संथ तासाने आपल्याला ते ओळखायला शिकवलेले असते. तुम्ही तासाभरात चित्रपट बंद केलात, म्हणजे शिकवणी घेतलीत आणि ती जिथे कामाला येणार होती त्याच्या आधीच उठलात. शिवाय तुम्ही वेग वाढवला होता. ज्या चित्रपटाचा सगळा आशय एखाद्या कामाला खरोखर किती वेळ लागतो यावर उभा आहे, तो दीडपट वेगाने पाहिल्यावर हाती येते ती फक्त घटनांची यादी, आणि घटना तर त्यात अगदी थोड्या आहेत.

याचा अर्थ तो चित्रपट तुम्हाला आवडलाच पाहिजे असा मुळीच नाही. पूर्ण पाहूनही तो कोरडा वाटला असे सांगणारे जाणकार प्रेक्षक आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे असते. माझा आग्रह एवढाच आहे की 'कंटाळा आला' या दोन शब्दांवर नोंद थांबवू नका. चित्रपट ज्या प्रकारचे लक्ष मागत होता ते आपण दिलेच नाही, म्हणून कंटाळा येतो. लेखकाला सांगायचे संपले आणि तरी तो बोलत राहिला, म्हणूनही येतो. आणि काळाचे ओझे जाणवावे म्हणून दिग्दर्शकाने जाणूनबुजून दृश्य लांबवले, तरीही येतो. हे तीन कंटाळे अनुभवताना सारखेच वाटतात, पण त्यांतल्या फक्त मधल्याचा दोष कलाकृतीवर जातो. भेद ओळखायचा असेल तर कंटाळा सुरू झाला तेव्हा पडद्यावर काय चालले होते, ते आधी येऊन गेलेल्याची पुनरावृत्ती होते का, आणि त्या पुनरावृत्तीत काही बदलले होते का, एवढे लिहून ठेवा. काही बदलत असूनही ते आपल्या नजरेतून सुटले असेल तर पुन्हा पाहण्यात अर्थ आहे. काहीच बदलत नसेल तर तुमच्या दोन ताऱ्यांना बळकट आधार मिळाला. वेग वाढवण्याची सोय २०२० पासून नेटफ्लिक्सनेही दिली आहे आणि ती एखाद्या सरळ माहितीपर कार्यक्रमाला चालून जाईलही, परंतु अभिनय, विनोद आणि भय या तिन्ही गोष्टी विरामावर उभ्या असतात आणि वेग वाढवल्यावर सर्वांत आधी विरामच नाहीसे होतात. ज्याविषयी तुम्ही वहीत लिहिणार आहात ते नेहमीच्या वेगानेच पाहा.

कौटुंबिक मालिकेने रडवले याची तुम्हाला जी लाज वाटते ती मला अनाठायी वाटते, पण त्या रडण्याचा शोध मात्र अवश्य घ्यावा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत, म्हणजे भाष्यात, काश्मीरचे पंडित अभिनवगुप्त यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी रसास्वादात येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे, आणि आजच्या प्रेक्षकाला तिच्याइतकी उपयोगी पडणारी मांडणी मला क्वचितच आढळली आहे. त्यांतले एक विघ्न 'निजसुखादिविवशीभाव' हे आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या इतका अधीन झालेला असतो की समोरच्या प्रयोगात त्याचे मन शिरूच शकत नाही. नाट्यगृहाची सजावट, गीत आणि वाद्य यांची योजना हे विघ्न दूर करण्यासाठीच असते, असेही ते सांगतात. तुम्ही त्या भागात ज्या प्रसंगावर रडलात तो तुमच्या स्वतःच्या एखाद्या ताज्या दुःखाला स्पर्श करणारा होता का, हे तुम्हालाच ठाऊक. तसे असेल तर ते अश्रू खरेच आहेत, पण त्यांची नोंद मालिकेच्या गुणवत्तेखाली करता येणार नाही. ते तपासण्याची एक पद्धत आहे. काही दिवसांनी तो प्रसंग आठवून पाहा. कोण काय बोलले, कोण गप्प राहिले, कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला, हे तपशील डोळ्यांसमोर येत असतील तर त्या दृश्याने स्वतःच्या बळावर तुम्हाला हलवले. आणि फक्त तुमचे स्वतःचे माणूस, स्वतःचे घर आठवत असेल तर दृश्य केवळ निमित्त झाले होते.

माझा अंदाज असा की तुमच्या बाबतीत दोन्ही थोडे थोडे घडले असावे, आणि त्यात मालिकेचा वाटा तुम्ही समजता त्यापेक्षा मोठा असावा. लांब मालिकेचे सामर्थ्य तिच्या लांबीतच असते. अनेक भागांतून एखाद्या पात्राची चिडण्याची, हसण्याची, माघार घेण्याची रीत आपल्या परिचयाची झालेली असते, आणि मग एखाद्या भागात ते पात्र नेहमीपेक्षा वेगळे वागले की लेखकाला काही समजावून सांगावे लागत नाही. दोन तासांच्या चित्रपटाला हे जमणे फार कठीण. म्हणून तुमचे पाच तारे त्या एका भागाचे असतील तर मी ते मान्य करीन. संपूर्ण मालिकेचे असतील तर तुम्हालाच बाकीच्या भागांचा हिशेब द्यावा लागेल, आणि तो कदाचित पाचपर्यंत पोहोचणार नाही.

गुन्हेमालिकेच्या बाबतीत तुम्ही नेमके उलट केलेत. एका भागाच्या रागापोटी सात भागांचा आनंद खोडून टाकलात. मानवी स्मरणशक्तीची ही ओळखीची सवय आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा १४ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या वेळी त्याच ६० सेकंदांना आणखी ३० सेकंद जोडले, ज्यांत पाणी हळूहळू सुमारे एका अंशाने ऊबदार होत गेले. दुसरा अनुभव एकूण अधिक त्रासाचा असूनही, पुन्हा करायचा झाल्यास कोणता कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी तोच निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सौम्य होता. अनुभव किती काळ चालला याकडे स्मरण फारसे लक्ष देत नाही. त्यातला तीव्र क्षण आणि शेवट हेच त्याच्या हिशेबात वरचढ ठरतात. मालिकेचा शेवट फसला की मागे वळून पाहताना सगळीच फसल्यासारखी वाटते, ते बऱ्याच अंशी यामुळे. तुम्ही सातही भाग श्वास रोखून पाहिलेत, ही घडून गेलेली गोष्ट आहे आणि आठव्या भागाला ती पुसता येत नाही. म्हणून मालिकांच्या बाबतीत प्रत्येक भाग संपल्यावर एखादी ओळ लिहीत जा. सगळे भाग एकदम उपलब्ध करून देण्याची पद्धत २०१३ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'हाउस ऑफ कार्ड्स'मुळे सर्वतोमुखी झाली आणि तेव्हापासून दोन भागांमधला आठवडा, ज्यात प्रेक्षक विचार करायचा, भांडायचा, अंदाज बांधायचा, तो बऱ्याच मालिकांच्या वाट्याला येतच नाही. तो आठवडा परत आणता आला नाही तरी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून पाच मिनिटे मिळवता येतात.

आणि त्या आठव्या भागाचा राग? इथे अभिनवगुप्तांचे पहिले विघ्न, 'संभावनाविरह', कामी येते. समोर घडणारे असे घडू शकेल हे मनाला पटेनासे झाले की आस्वाद तुटतो. स्वतःला विचारा की सात भागांत जी तपास अधिकारी किंवा जो संशयित तुम्ही ओळखला होता, ती व्यक्ती शेवटी जे करते ते ती करणे शक्य होते का. शक्य नसेल, केवळ धक्का देण्यासाठी लेखकाने तिच्याकडून ते करवून घेतले असेल, तर तुमचा राग रास्त आहे आणि तो कथेतल्या खऱ्या दोषावर बोट ठेवतो. पण ती व्यक्ती तसेच करणार हे आधीपासून दिसत असेल, आणि तिने तसे करू नये, गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, आवडते पात्र जगावे अशी तुमची इच्छा होती म्हणून राग आला असेल, तर तो कदाचित मालिकेच्या यशाचाच पुरावा ठरतो. अशा रागालाही वहीत जागा द्या, फक्त त्याच्यासमोर एक तारा लिहू नका.

भयपटाविषयी थोडक्यात. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांना दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतला फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोट काही सेकंदांचा धक्का देतो. माहीत असेल तर त्याआधीचे साधे संभाषणही कित्येक मिनिटे ताणलेले राहते. पहिल्या प्रकारावर उभा असलेला चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना रिकामा वाटणारच, कारण त्याच्याजवळ असलेली एकमेव गोष्ट तुम्हाला आधीच मिळालेली असते. तुमची पहिली प्रतिक्रिया खोटी नव्हती आणि दुसरीही नाही. दोन्ही तारखांसह एकाखाली एक लिहा, म्हणजे तो चित्रपट कशावर चालत होता हे त्या दोन नोंदींच्या फरकातूनच उघड होईल.

माहितीपटाच्या बाबतीत मी थोडी कठोर होणार आहे. त्यातल्या माणसाविषयी वाटलेली कणव आणि तो माहितीपट करणाऱ्यांविषयीचे मत या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत, आणि अन्याय जितका मोठा तितके ते अधिक आवश्यक आहे. खऱ्या माणसाचे दुःख हाताशी असले की वाईट माहितीपटही प्रेक्षकाला रडवू शकतो. म्हणून पाहताना काही प्रश्न जागे ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू मांडली आहे का, किंवा ती का मिळाली नाही हे सांगितले आहे का? नट घेऊन पुन्हा उभी केलेली दृश्ये तशी आहेत हे स्पष्ट होते का, की ती मूळ चित्रणात बेमालूम मिसळली आहेत? एका भागात मावणारी माहिती चार भागांत पसरताना प्रत्येक भागाच्या शेवटी मुद्दाम काहीतरी दडवून ठेवले आहे का? मुलाखत देणारी व्यक्ती कोसळत असताना पार्श्वसंगीत वाढवले आहे का? हे प्रश्न विचारल्याने त्या माणसाचा अपमान होत नाही. ज्याच्यावर एकदा अन्याय झाला त्याची गोष्ट सांगताना तरी कसूर होऊ नये, अशी अपेक्षा धरणे हा त्याचा आदरच आहे, आणि म्हणून तुम्ही धजून लिहा.

टक्केवारीकडे आता वळू. रॉटन टोमॅटोज या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरचा समीक्षकांचा आकडा हे सरासरी गुण नसतात. ज्या परीक्षणांचा कल एकंदरीत अनुकूल ठरला त्यांचे ते शेकडा प्रमाण असते. शंभरपैकी पंचाण्णव समीक्षकांना एखादा चित्रपट नुसता बरा वाटला तरी त्याला ९५ टक्के मिळतात, आणि साठ जण भारावून गेले पण चाळिसांनी तो नाकारला तर त्याला ६० टक्के. आयुष्यभर स्मरणात राहील असा चित्रपट या दोहोंपैकी दुसराही असू शकतो, आणि आकड्याकडे पाहून तुम्ही तो पाहिलाच नसता. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून अंगठ्याच्या खुणा आणल्या आणि शीर्षकाशेजारी जुळणीचे प्रमाण टक्क्यांत दाखवायला सुरुवात केली. तो आकडा तुमच्या आधीच्या पाहण्यावरून बांधलेला अंदाज असतो, गुणवत्तेविषयी तो काही सांगत नाही. समीक्षकांचे एकमतही स्थिर नसते. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटांसाठी मतदान घेते. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला, १९६२ ते २००२ या पाचही वेळा 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये तुम्ही बंद केलेला 'झान दिलमान'. यांतल्या 'व्हर्टिगो'चे १९५८ मध्ये संमिश्र स्वागत झाले होते आणि या मतदानातल्या पहिल्या दहांत तो १९८२ मध्ये प्रथम आला. इटालियन दिग्दर्शक अँतोनियोनी यांच्या 'लाव्हेंतुरा'ची १९६० मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याच महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले, आणि दोनच वर्षांत याच मतदानात तो दुसऱ्या क्रमांकावर होता. हुर्यो उडवणारे लोक अडाणी नव्हते. त्यांना एक हरवलेली व्यक्ती सापडेल अशी अपेक्षा कथेने लावली आणि मग कथाच तिला विसरून गेली. त्यांची चीड त्या चित्रपटाच्या रचनेची अगदी अचूक नोंद होती, निकाल मात्र घाईचा होता.

म्हणून परीक्षणे वाचणे सोडू नका, फक्त त्यांचा क्रम बदला. पाहण्यापूर्वी भाषा, कालावधी, मालिका असेल तर भागांची संख्या आणि तुम्हाला सहन न होणारी हिंसा आहे का, एवढेच पाहा. पाहून झाल्यावर आधी वही आणि मगच परीक्षण. वाचताना तुमच्या लक्षात न आलेले काही समीक्षकाने दाखवले तर ते वेगळ्या शाईने खाली लिहा, म्हणजे तुमचे कोणते आणि त्याचे कोणते हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. ताऱ्यांना माझा विरोध नाही, पण ते त्याच रात्री देऊ नका. आठवडाभराने द्या, आणि शेजारी कारणाचे एक वाक्य असेल तरच द्या. परदेशी चित्रपट शक्यतो मूळ भाषेत उपशीर्षकांसह पाहा, कारण आवाज बदलला की नटाचा जवळजवळ अर्धा अभिनय आपल्यापर्यंत येत नाही आणि मग अभिनयाबद्दल आपण जे लिहितो ते दुसऱ्याच कुणाबद्दल असते.

अर्धवट सोडलेले सगळेच पूर्ण करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. प्रेक्षकाचा वेळ ही खरी गोष्ट आहे आणि नको असलेली मालिका कर्तव्य म्हणून संपवणाऱ्याला पुढच्या चांगल्या मालिकेसाठी उत्साह उरत नाही. मी असे सुचवेन की मालिकेला दोन भाग द्यावेत, त्यानंतर पात्रांपैकी एकाचेही पुढे काय होईल याची उत्सुकता नसेल तर सोडून द्यावी आणि नोंदीत ती कुठे सोडली ते स्पष्ट लिहावे. सोडलेल्या गोष्टीवर 'इतके पाहिले, पुढे पाहावेसे वाटले नाही' असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे; तारे देण्याचा मात्र नाही. चित्रपटाच्या बाबतीत मी अधिक चिकाटी धरीन, कारण तो एका बैठकीसाठी रचलेला असतो आणि त्याचा पूर्वार्ध अनेकदा उत्तरार्धानेच उलगडतो. ज्या दिवशी थकवा नसेल, फोन दूर ठेवता येईल आणि सलग साडेतीन तास मोकळे असतील, त्या दिवशी 'झान दिलमान' पुन्हा सुरुवातीपासून लावा. असा दिवस मिळेपर्यंत तो राहू द्या, आणि मिळाला नाही तर तेही काही कमीपणाचे नाही.

राहता राहिला तुमचा मित्र. आवड कच्ची आहे असे म्हणताना त्याला बहुधा असे सुचवायचे असते की त्याच्या यादीतल्या गोष्टी तुम्हाला आवडत नाहीत. आवडीची परिपक्वता यादीवरून ओळखता येत नाही. आपल्याला जे वाटले त्याचे कारण कलाकृतीतच दाखवता येते का, यावरून ती ओळखू येते, आणि ते कौशल्य त्याने तुमच्याकडून, तुम्ही त्याच्याकडून, असे दोघांनी मिळून वाढवण्यासारखे आहे. त्याच्याशी वाद टाळू नका. दोघांनाही अपरिचित असलेला एखादा चित्रपट निवडा, त्याबद्दल आधी काहीही वाचू नका, एकत्र पाहा, आणि पाहून झाल्यावर एक शब्दही न बोलता दोघांनी आपापल्या नोंदी लिहा. मग वह्यांची अदलाबदल करा. ज्या दृश्याबद्दल त्याने एक आणि तुम्ही अगदी दुसरेच लिहिले असेल, ते दृश्य पुन्हा लावून दोघांनी शेवटपर्यंत पाहा आणि मगच बोलायला सुरुवात करा.